ऑगस्टची थाळी

फ्राऊ केसलर मला कधीच आवडली नाही. तिच्याबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलंही नाही. पण गेल्या आठवड्यात त्या म्युझियमचा नवा कॅटलॉग पोस्टाने आला, मी तो चाळत ऑगस्टच्या थाळीपाशी पोचले आणि दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. ही बाई माझ्या डोक्यात असं बिनभाड्याचं घर करून राहणार असेल, तर तिला एकदाची कागदावर उतरवून मोकळं व्हावं, म्हणून हे.

तेव्हा मी जर्मनीत येनाला पीएचडी करत होते. विषय ऑप्टिक्स. सोप्या भाषेत सांगायचं तर वस्तूंवर वेगवेगळे प्रकाश टाकायचे, फोटो काढायचे आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारं बघायचं. एक दिवस प्रोफेसरांची मेल आली. रेगिओनालबानने, म्हणजे तिथल्या लोकल गाडीने, पाऊण तासावर एका गावात म्युझियम आहे, त्यांचं साठ नगांचं अमुक कलेक्शन डिजिटाइझ करायचंय, तू जा. त्या 'अमुक'च्या जागी जो जर्मन शब्द होता, त्याचं स्पेलिंग हुबेहूब ईमेलचं. मी पुण्याची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या घरात ईमेल म्हणजे ईमेल. जुनी संस्था, जुनी मशिनं, काहीतरी अडकलं असेल, असं म्हणून मी पहिल्या दिवशी हार्ड डिस्क घेऊन गेले आणि समोर उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "सर्व्हर कुठे आहे?"

बाई बुटकी, काठीसारखी सरळ. केस बारीक कापलेले, अंगात निळा एप्रन, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. रंगावरून, नाकावरून आपल्याकडची. ती एका कपाटाकडे गेली, खण ओढला. आत करड्या फोमवर एक काळी थाळी होती आणि त्या काळ्यावर पांढरी माणसं शेकोटीपाशी हात शेकत बसली होती.

"हे एमाय," ती जर्मनमध्ये म्हणाली. "फ्रेंच. साडेचारशे वर्षांचं. याला पासवर्ड नाही."

तांब्यावर चढवलेल्या मिन्याला जर्मनमध्ये असंच लिहितात आणि 'एमाय' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. माझी चूक होती, कबूल. पण चूक झाली की माणूस हसतो, सांगतो, विषय संपतो. हिने तो संपूच दिला नाही. त्या दिवसापासून मी त्या इमारतीत 'फ्राऊ सर्व्हर' झाले. वॉचमनलासुद्धा तिने ते शिकवलं.

तिने आधी माझे हात पाहिले. मग म्हणाली, "वळा." मला वाटलं मागे काही आहे. मागे भिंत होती. मी वळले, ती माझ्या पाठीकडे बघत राहिली आणि मग "ठीक," म्हणाली. ही तिची सवय होती, नव्या माणसाला ती आधी पाठमोरं करायची. थाळ्यांच्या बाबतीतही तेच. कितीही देखणी थाळी असो, ती उचलून पहिल्यांदा पालथी करायची. "आधी पाठ," म्हणायची. त्याला कारण होतं, तेही तिनेच सांगितलं, ओरडून का होईना. पातळ तांब्याच्या फक्त पुढच्या बाजूला काच वितळवून बसवली, तर थंड होताना तांबं वाकतं आणि काच तडकते. म्हणून फ्रान्समधल्या लिमोज गावचे कारागीर पाठीलाही तेवढाच मीना द्यायचे. पुढचं चित्र पाठीच्या जोरावर टिकतं. माझ्या पाठीत तिला काय दिसलं, ते तिने कधी सांगितलं नाही.

दुसरा नियम हातांचा. थाळी टेबलावर आली की खोलीतल्या सगळ्यांनी हात पाठीमागे बांधायचे, शाळेत उभं केल्यासारखे. "हात मागे!" डायरेक्टर हेर वेंट आले तरी तेच. सहा फुटी माणूस, पण तिच्यासमोर निमूट हात मागे घेऊन उभा राहायचा. मला तर कॅमेऱ्याचं बटण दाबायचं असायचं. तरी दोन फोटोंच्या मध्ये ती म्हणायचीच, "हात मागे, फ्राऊ सर्व्हर." तीन आठवड्यांत ते माझ्या अंगवळणी पडलं. मी घरीसुद्धा गॅसपाशी दूध वर येण्याची वाट बघत हात मागे बांधून उभी राहायला लागले. निखिल, म्हणजे माझा नवरा, पोट धरून हसायचा.

ती मराठी आहे हे मला हेर वेंटकडून कळलं. दोन जर्मनी होत्या त्या काळात ती पूर्वेकडच्या जर्मनीत स्कॉलरशिपवर मिन्याचं काम शिकायला आली. माहेरचं नाव सुमन, गाव वऱ्हाडातलं. केसलर हे नवऱ्याचं नाव. नवरा केव्हाच सोडून गेला, नाव राहिलं. मला काय आनंद झाला! दुसऱ्या दिवशी डबा उघडताना मी लाडात येऊन मराठीत विचारलं, "तुम्ही मराठी आहात ना?"

"होते," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि आपला ब्रेड घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली.

तरी माझी खोड जाईना. दिवाळीनंतर मी आमच्या मराठी मंडळातली चार कुटुंबं म्युझियम बघायला नेली. आपल्या माणसांची पोरं-बाळं पाहून तरी बाई विरघळेल, असं मला वाटलं. मंडळाचे अध्यक्ष परांजपे नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, नुकतेच येनाला आलेले, आणि कुठेही गप्प बसायची त्यांना सवय नव्हती.

"काकू," ते काचेवर बोट टेकवून म्हणाले, "हे तर आपलं मीनाकाम! जयपूरला सेम टु सेम मिळतं. गेनाऊ, अगदी हेच."

खोलीतली हवा गोठली. फ्राऊ केसलर चालत आली, खिशातून फडकं काढलं, परांजप्यांच्या बोटाचा ठसा पुसला आणि अस्खलित जर्मनमध्ये त्यांची हजेरी घेतली. जयपूरचा कारागीर धातू कोरतो आणि खळग्यात रंग भरतो. इथे खळगा नाही. इथे सपाट काळ्या काचेवर पांढऱ्या काचेची पूड पातळ थरांनी चढवलेली आहे. ओल्या थरात सुईने रेघा काढायच्या, भट्टीत घालायचं, परत थर, परत भट्टी. सगळ्यात शेवटी सोनं. एखादी भट्टी चुकली की महिन्याचं काम गेलं. "आणि मी कुणाची काकू नाही."

परांजपे कसनुसं हसले. त्यांची सहा वर्षांची मुलगी, जी आईशी एक अक्षर मराठी बोलत नाही, तिने जर्मनमध्ये मोठ्याने विचारलं, "मम्मा, ही बाई इतकी रागीट का आहे?" फ्राऊ केसलरने तिच्याकडे पाहिलं. पोरीचे हात पाठीमागे होते, तिला कुणी न सांगता. "हिला परत आणा," ती म्हणाली. "बाकीच्यांना नको." परतीच्या गाडीत कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मंडळाच्या ग्रुपवर मला अजून अधूनमधून 'काकूंचा दरबार' ऐकवतात.

पण खरा तंटा झाला तो तिच्या तिसऱ्या नियमावरून. "निष्ट्स आइगेनेस." स्वतःचं काही नाही. जुन्या वस्तूचा तुकडा पडला असेल तर ती भोकात साध्या राळेचं भरण घालायची, त्याला करडा रंग द्यायची आणि थांबायची. पान अर्धं तुटलं असेल तर ते अर्धंच. "उरलेलं पान कसं होतं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे? नाही. मग गप्प बसायचं." हे ती इतक्यांदा म्हणायची की मला झोपेतही ऐकू यायचं. एकदा मी फोटोंमध्ये सोनेरी रेघा जरा उठून दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला. थोडासाच. तिने पडद्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात." एकोणीस नग मला परत शूट करायला लावले. तीन आठवड्यांचं काम. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले आणि तिथेच ठरवलं की या बाईचं एकदा तरी नाक कापायचं.

कलेक्शनचा मुकुटमणी म्हणजे बारा महिन्यांच्या बारा थाळ्या. दर महिन्याचं एक काम. फेब्रुवारीत शेकोटी, जूनमध्ये मेंढ्यांची लोकर, ऑगस्टमध्ये मळणी. "यात जेवायचे का हो?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "सुरीचा एक ओरखडा दाखवा, मी तुम्हाला उत्तर देते." एकही नव्हता. थाळ्या होत्या, पण पाहुण्यांनी नुसतं बघावं म्हणून मांडलेल्या. वसंतात त्यांचं मोठं प्रदर्शन व्हायचं होतं, ऑगस्टची थाळी पोस्टरवर जाणार होती, आणि ते प्रदर्शन संपलं की फ्राऊ केसलर सेवानिवृत्त होणार होती. चाळीस वर्षांच्या नोकरीचा तो शेवट. त्या प्रदर्शनासाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

साध्या उजेडातले फोटो झाले. अल्ट्राव्हायलेटचे सुरू झाले. जानेवारीची थाळी झाली, फेब्रुवारीची झाली. ऑगस्टचा नंबर आला की ती म्हणायची, "ती नंतर." दोनदा, तीनदा. मला वाटलं, लहर.

त्याच सुमारास सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. अकोल्याच्या. सामानात लोणच्याच्या बरण्या तर होत्याच, वर एक सूप होतं. विमानाने सूप! "अवो, तुमच्याकडच्या तांदळात खडे नसतीन, पण सवय हाय मले," म्हणाल्या. आणि खरंच रोज दुपारी बाल्कनीत बसून स्वच्छ सुपरमार्केटचे तांदूळ पाखडायच्या. खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हातारीने एकदा लेखी तक्रार केली, ती गोष्ट वेगळी.

एका रविवारी दुपारी मी फोनवर कामाचं बोलत होते, दर वाक्यात एमाय, एमाय. सासूबाई स्वयंपाकघरातून लगबगीने आल्या.

"काय झालं? कोणी हाक मारली?"

"कुणी नाही आई. का हो?"

"मले वाटलं कोणी मायले हाक मारून राहिलं. आमी लहानपणी अशीच हाक मारो. ए माय, ए माय."

मी हसले. त्यांना कळावं म्हणून लॅपटॉपवर ऑगस्टची थाळी उघडली. "हे बघा, आई, याला म्हणतात एमाय." त्यांनी चष्मा लावला. मळणी करणारे पुरुष पाहिले, घोडा पाहिला. मग उजव्या कोपऱ्याकडे झुकल्या.

"हे बाई पाखडून राहिली."

"हो, असेल."

"असेल काय व! पाह्य ना. पदर खोचला हाय तिनं. आन् सूप कसं धरलं, आंगठा वर. हे आपल्याकडचं धरणं हाय. तुमच्या फ्रान्सात बी सूप असते का?"

मी तो कोपरा मोठा केला. अजून मोठा केला. मी त्या थाळीचे किती फोटो काढले होते, आणि मला दिसलं नव्हतं. बाकी सगळ्या बायकांच्या डोक्याला फ्रेंच टोप्या. हिच्या डोक्याला काही नाही, केसांचा अंबाडा. झग्याचा एक शेव डाव्या खांद्यावरून येऊन कमरेला खोचलेला. आणि हातात सूप, निमुळत्या तोंडाचं, सासूबाईंच्या बाल्कनीतलं.

फ्राऊ केसलर बाराला जेवायला जायची आणि साडेबाराला परतायची, मिनिटाचा फरक नाही. सोमवारी ती गेल्यावर मी खण ओढला. थाळीला हात लावला नाही. एक हात सवयीने पाठीमागे ठेवून दुसऱ्याने अल्ट्राव्हायलेट टॉर्च मारला. सगळी थाळी अंधारी राहिली आणि उजवा कोपरा, तळहाताएवढा, दुधी निळा पेटला. राळ. जुनी काच अशी पेटत नाही. वर रंग. त्यात ती बाई.

खणातल्या कार्डावर पस्तीसेक वर्षांपूर्वीची नोंद होती. अक्षर तिचं. 'साफ केली. पक्की केली.' बस. कोपरा फुटलेला होता, तो भरला, त्यावर एक अख्खी बाई काढली, याबद्दल एक अक्षर नाही.

स्वतःचं काही नाही म्हणे!

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी स्टेशनपर्यंत जवळजवळ पळत गेले. त्याच संध्याकाळी हेर वेंटला रिपोर्ट लिहायला बसले. रिपोर्ट करणं बरोबरच होतं, त्यात मला आजही शंका नाही. प्रश्न एका शब्दाचा होता. अशा भरणाला जर्मनमध्ये 'एर्गेंट्सुंग' म्हणतात, म्हणजे भर. आणि दुसरा शब्द आहे 'फेल्शुंग', म्हणजे बनावट, फसवणूक. पहिल्या मसुद्यात मी भर लिहिलं होतं. मग ते खोडलं.

निखिलने माझ्या खांद्यावरून वाचलं. "अगं, वर्ड चेंज कर. बाई रिटायर होतेय. हा शब्द लागला तर संपलंच ना सगळं."

"तिने मला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं होतं."

"म्हणून तू पण तेच करणार?"

मी सेंड दाबलं.

दोन दिवसांनी हेर वेंटच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. माझ्या रिपोर्टची प्रिंट तिच्यापुढे होती. तिने भिंग लावून ती वाचली, जणू कागदालाही तडा शोधत होती.

"हा शब्द कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

"फेल्शुंग विकायला करतात. लोकांना फसवायला. ही भर आहे."

"नोंद न केलेली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खणखणीत वाटला.

तिने भिंग खाली सोडलं. मग म्हणाली, "हो. नोंद केली नाही." आणि माझ्याकडे न बघता, "काय लिहिणार होते मी नोंदीत?"

हेर वेंटना काही कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मला वाटलं, सारवासारव. निकाल लागायचा तो लागला. थाळी पोस्टरवरून गेली. कॅटलॉगमधून तिचं नाव काढायचं ठरलं, तिने प्रदर्शनाच्या आधीच निवृत्त व्हावं असं ठरलं, आणि ते भरण काढून टाकायचं ठरलं. बाहेरचा माणूस बोलवतो, असं वेंट म्हणाले.

"मी काढीन," ती म्हणाली. "मी घातलंय."

गुरुवारी सकाळी दहा वाजता ती बसली. मी दर टप्प्याचा फोटो काढायचा होता, वेंट साक्षीदार म्हणून उभे होते. तिने थाळी उचलली, पालथी केली, पाठ पाहिली, सुलटी ठेवली. "हात मागे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच पुढे 'फ्राऊ सर्व्हर' म्हणाली नाही. काडीला कापूस गुंडाळला, औषधात बुडवला.

जे शेवटी चढवलं होतं ते आधी निघालं. सोनं. मग सुपातलं धान्य, मग सूप. मग पाय, झगा, खोचलेला पदर. दर काडी ती टीपकागदावर ओळीत मांडत होती. हात इतका स्थिर की मला राग आला. काहीतरी थरथरायला हवं होतं. पाऊण तासात फक्त चेहरा आणि अंबाडा राहिला. तो चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. भिंगातून तो मोठा दिसत होता. फ्रेंच बाईचा नव्हताच. नाक बसकं, कपाळ मोठं, ओठ दातांत धरलेला, वाऱ्याचा अंदाज घेताना धरतात तसा. बाराही थाळ्यांत दुसऱ्या एकाही माणसाला असा चेहरा नाही. तो कुणी मनाने काढलेला नव्हता, आठवून काढलेला होता.

तिने नवी काडी घेतली. कापूस चेहऱ्याजवळ नेला आणि थांबली.

"ए माय," ती म्हणाली, "सरक बरं जराशी."

मराठीत. चार महिन्यांत तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं आणि शेवटचं मराठी. आवाजही तिचा नव्हता, एखाद्या मुलीचा होता, केर काढताना वाटेत बसलेल्या आईला म्हणावं तसा.

हेर वेंट पुढे वाकले. त्यांना वाटलं, ती कामाचं काही बोलतेय. "हो, गेनाऊ," ते समजूतदारपणे म्हणाले, "दास एमाय. ते राहील, काळजी करू नका. फक्त वरचंच जाईल."

"हो," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि कापूस फिरवला.

मग तिने काडी शेवटच्या ओळीत ठेवली, भिंग गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं, एप्रनची गाठ सोडली. माझ्याकडे पाहिलं नाही. दार उघडून ती कॉरिडॉरमधून चालत गेली, आणि मी, तिनेच शिकवल्याप्रमाणे, तिची पाठ पाहिली. ताठ होती. शेवटपर्यंत ताठ होती. कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

"शेवटच्या टप्प्याचा फोटो आला ना?" वेंटनी विचारलं. "चेहरा जातानाचा?"

आला नव्हता. माझे दोन्ही हात पाठीमागे होते.